घरकुलाच्या नळाला मीटर हवं? आधी हिशोब करा, मग अर्ज

कारखान्याचा पट्टा पडला की ऊसतोडीचे ट्रॅक्टर गावाकडं परततात. आमच्या गावच्या घरकुल वस्तीत तेव्हा एकेक कुलूप उघडतं. पाच-सहा महिने बंद असलेली घरं झाडली जातात, दारातलं वाळकं गवत पेटवलं जातं. यंदा एका जोडप्याला घरी येऊन चार दिवस झाले नाहीत तोवर ग्रामपंचायतीचा शिपाई बिल देऊन गेला. घरपट्टी, दिवाबत्ती, आरोग्य कर आणि पाणीपट्टी. पाणीपट्टी पूर्ण बारा महिन्यांची.

बिल माझ्यापुढं धरून ती बाई म्हणाली, "भाऊ, दिवाळीपासून आम्ही फडात हुतो. हितलं घागरभर पाणी घेतलं नाही. मग हे पैसे कशाचे?"

मी बातम्या लिहितो म्हणून लोकांना वाटतं याला सगळं माहीत असतं. मला उत्तर देता आलं नाही. मग ग्रामपंचायतीत बसलो, कागद बघितले, पंचायत समितीत दोन चकरा मारल्या. जे समजलं ते खाली लिहितोय. घरकुलात राहणाऱ्या, कमी माणसांच्या किंवा वर्षातला बराच काळ बाहेर राहणाऱ्या कुटुंबांनी हे नीट वाचावं.

बिल पाण्याचं नसतं, नळाचं असतं

आपल्याकडं बहुतेक गावांत पाणीपट्टी ठोक असते. नळ आहे ना, मग वर्षाला अमुक रुपये. त्या नळातून दोन माणसं पाणी पितात का आठ, गोठ्यात चार म्हशी आहेत का, दारात बाग आहे का, याचा त्या रकमेशी संबंध नाही. घर सहा महिने बंद असलं तरी रक्कम तीच.

ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२४ मध्ये पाण्याच्या करआकारणीचे दोन प्रकार आहेत. एक सामान्य पाणीपट्टी. ही घरं-जागांवर आकारतात, म्हणजे ज्याच्याकडं स्वतःचा नळ नाही, सार्वजनिक नळावरून भरतो, त्यालाही ती लागू होऊ शकते. दुसरी खास पाणीपट्टी, म्हणजे पाइपातून घरात पाणी दिल्याबद्दल. ही खास पाणीपट्टी कोणत्याही स्वरूपात लावता येते, दिलेल्या पाण्याच्या आकाराच्या स्वरूपातसुद्धा. म्हणजे मीटरनं बिल घ्यायला कायद्याची आडकाठी नाही. गावानं ठरवलं तर होतं. साताऱ्यात कराडला लागून असलेल्या मलकापूरनं हे केलं: चोवीस तास पाणी, प्रत्येक नळाला मीटर, आणि वापर वाढेल तसा चढता दर.

त्यामुळं बिल हातात आलं की पहिल्यांदा ओळ वाचा. "सामान्य" लिहिलंय का "खास"? वस्तीतल्या दोन घरांत नळच नव्हता आणि बिल मात्र नळवाल्यांइतकंच आलं होतं. कुणी वाचलंच नव्हतं. असं असेल तर मीटरचं नंतर बघू, आधी ती नोंद दुरुस्त करून घ्या.

मीटर सगळ्यांच्या फायद्याचं नाही

हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर उद्या कुणीतरी माझ्या दारात भांडायला येईल.

जल जीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर पाणी धरलंय. तोच आकडा घेऊन हिशोब करू. हजार लिटर म्हणजे मीटरवरचं एक युनिट. दर मात्र गावागणिक वेगळा असतो, म्हणून समजा दहा रुपये युनिट, आणि समजा ठोक पाणीपट्टी वर्षाला १,२०० रुपये, म्हणजे महिन्याला शंभर. हे आकडे फक्त समजण्यासाठी आहेत. तुमच्या गावचे घालून बघा.

आजी आणि नातू, दोघंच घरात. रोज ११० लिटर, महिन्याला ३,३०० लिटर, म्हणजे ३.३ युनिट. बिल ३३ रुपये. ठोक पद्धतीत हीच आजी शंभर भरते.

आता सात माणसांचं घर. घरकुल २५ चौरस मीटरचं, म्हणजे २७० चौरस फुटाच्या आसपास, पण त्यात आई-बाप, मुलगा-सून आणि तीन लेकरं राहतात. असं किती घरांत आहे हे तुम्हाला माहीत आहे. रोज ३८५ लिटर, महिन्याला साडेअकरा युनिट, बिल ११५ रुपये. म्हणजे ठोक पाणीपट्टीपेक्षा पंधरा रुपये जास्त. हे कुटुंब काही उधळपट्टी करत नाही. माणसं जास्त आहेत एवढंच.

आणि ते ऊसतोडीचं जोडपं, दोन लेकरं धरून चार माणसं. गावात असताना महिन्याला ६.६ युनिट, म्हणजे ६६ रुपये. पण गावात सातच महिने असतात. वर्षाचे ४६२ रुपये. ठोक १,२००. फरक किती झाला बघा. कोयता घेऊन राबणाऱ्या माणसाला सातशे रुपये काही थोडे नाहीत.

यात दोन गोष्टी धरायच्या राहिल्यात. एक, बऱ्याच ठिकाणी मीटर असलं तरी महिन्याला किमान आकार असतो, पाणी वापरा न वापरा. तो जास्त ठेवला असेल तर फायदा तिथंच खाल्ला जातो. दोन, मीटर, फेरूल, पाइप, प्लंबरची मजुरी आणि अनामत रक्कम. तो खर्च कुणी करायचा, हे अर्ज देण्याआधी विचारायचं. म्हणून किमान आकार किती, युनिटचा दर किती, बसवायला किती लागतील, हे तीन आकडे कागदावर घ्या आणि घरी बसून पोरांकडून मोबाइलवर गुणाकार करून घ्या.

जनावरं असतील तर त्यांचंही पाणी धरा. एक दुभती म्हैस बरंच पाणी पिते, उन्हाळ्यात जास्तच.

नळच नाही, तर मीटर कुठलं

आमच्या वस्तीतल्या काही घरांची खरी अडचण हीच निघाली. जल जीवन मिशनची घोषणा १५ ऑगस्ट २०१९ ला झाली. त्यानंतर गावोगाव पाहणी झाली. ज्या वेळी पाहणीला माणसं आली त्या वेळी ऊसतोडीची घरं बंद. "घर बंद" असा शेरा पडला आणि पुढं यादी पाइपलाइनवाल्याकडं गेली ती तशीच. काहींचं घरकुल तेव्हा मंजूर होतं पण उभं नव्हतं. जुनं पत्र्याचं घर पाडलेलं, नवं पायाभरणीत. मोजायला घरच दिसलं नाही.

योजना प्रत्येक ग्रामीण कुटुंबाला नळ द्यायचा असं म्हणते. सातबारा ज्याचा आहे त्यालाच नळ, असं त्यात कुठं नाही.

आपलं गाव तिथं काय दाखवलंय हे मोबाइलवर बघता येतं. जल जीवन मिशनच्या संकेतस्थळावर डॅशबोर्ड आहे. त्यात राज्य, जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत, गाव असं उतरत गेलं की एकूण घरं किती आणि नळ किती दिले हे दिसतं. आमच्या वस्तीतल्या एका बारावीच्या पोरानं ते उघडून दाखवलं तेव्हा त्याच्या आजोबांनी विचारलं, "मग आपला नळ कुठंय रं?"

यात एक मेख आहे. गावात सगळ्यांना नळ मिळाले असं विभागानं नोंदवल्यावर "हर घर जल" म्हणून गाव प्रमाणित करायचं असतं, आणि ते ग्रामसभेच्या ठरावानं होतं. त्या ग्रामसभेला तुम्ही नसाल आणि ठराव एकमतानं मंजूर झाला, तर कागदावर तुमच्या घरी पाणी आलेलं असतं. ऊसतोडीचे लोक २६ जानेवारीच्या ग्रामसभेला गावात नसतात. १ मे आणि १५ ऑगस्टला मात्र असतात. त्या दिवशी जाऊन उठून बोला, आणि आपलं म्हणणं इतिवृत्तात लिहायला लावा. तोंडी बोललेलं मांडवाबरोबर उठून जातं.

गाव आधीच प्रमाणित झालं असलं तरी हातपाय गाळू नका. नवीन घर, सुटलेलं घर यांना जोडणी देणं ग्रामपंचायतीचं काम राहतंच. पैसे नाहीत असं उत्तर आलं तर वित्त आयोगाच्या बंधित निधीबद्दल विचारा. १५ व्या वित्त आयोगात पाणी आणि स्वच्छता यासाठी पैसा बांधून दिलेला होता. शिवाय ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी खर्चायचे असतात. ते कशावर गेले हे विचारायचा तुम्हाला अधिकार आहे. रागानं नाही, लेखी विचारा.

घर कुणाच्या नावावर आणि राहतंय कोण

अर्ज अडतात ते बहुतेक इथं.

ग्रामपंचायतीत नमुना ८ म्हणजे कर आकारणीची नोंदवही. नमुना ९ म्हणजे कुणाकडं किती मागणी आणि थकबाकी. आणि पैसे भरल्यावर मिळते ती नमुना १० ची पावती. नमुना ८ मध्ये दोन वेगळे रकाने असतात: मालकाचं नाव आणि भोगवटा करणाऱ्याचं नाव. भोगवटादार म्हणजे प्रत्यक्ष राहणारा. आपण सगळे मालकाच्या रकान्यासाठी भांडतो आणि भोगवट्याचा रकाना रिकामा सोडतो. नळासाठी आणि मीटरसाठी तो रकाना फार उपयोगी आहे.

कुणाकुणाला? गायरानावर किंवा गावठाणाच्या सरकारी जागेवर घर आहे त्यांना. भावाच्या नावच्या घरकुलात राहणाऱ्याला. नवरा वारला, घरकुल त्याच्या नावावर, अशा बाईला (तिनं वारस नोंदीचा अर्जही त्याच दिवशी द्यावा, मृत्यूचा दाखला जोडून). सासर सोडून आईच्या घरकुलात आलेल्या लेकीला. अशांनी भोगवट्याची नोंद लावून घ्यावी आणि ज्याच्या नावावर घर आहे त्याचं ना हरकत पत्र साध्या कागदावर सही-अंगठ्यानिशी घ्यावं.

भाडेकरूचं काय, असं काहींनी विचारलं. घरकुल स्वतः राहायला मिळतं, भाड्यानं द्यायला नाही. म्हणून घरमालक भाडेकरूचं नाव कुठंच येऊ देत नाही, आणि भाडेकरूही गप्प राहतो. पण शाळेजवळ, कारखान्याजवळ, तालुक्याच्या रस्त्याला अशी घरं आहेत हे सगळं गाव जाणतं. तिथं पाणी आलं नाही तर बोलायचं कुणी? भाडेकरूनं स्वतःच्या नावानं मीटर मागून उपयोग होणार नाही, जोडणी घराच्या नोंदीवर असते. पण भाडं ठरवताना पाणीपट्टी कोण भरणार, हे बोलून घ्या आणि भरली तर पावती स्वतःकडं ठेवा. मीटर असेल तर राहायला आल्याच्या दिवशीचा आकडा दोघांनी मिळून बघा. नाहीतर आधीच्या माणसाचं पाणी तुमच्या माथी येतं.

एक खुलासा. नमुना ८ वर नाव आलं म्हणजे जागा आपल्या मालकीची झाली असं नाही. तो कराचा कागद आहे, मालकीचा नाही. पण त्या घरात तुम्ही राहता आणि कर भरता, एवढं तो सांगतो.

थकबाकी हा दुसरा दगड. जुन्या घराची बापाच्या नावची बाकी नव्या घरकुलावर येते. नमुना ९ चा उतारा मागा आणि वर्षवार बघा. जुनं पाडलेलं घर आणि नवं घरकुल, दोन्हींची आकारणी चालू आहे असंही सापडतं. आमच्याकडं एका घराला तीन वर्षं दुहेरी घरपट्टी लागत होती. जुनं घर कुठं आहे म्हणून विचारलं तर तिथं आता घरकुलाचं न्हाणीघर होतं. खरी बाकी असेल तर हप्त्यानं भरतो असा अर्ज द्या. लोक अदालतीची नोटीस आली तर घाबरू नका, फाडूही नका. तिथं तडजोड होते.

अर्ज

फार लिहायचं काम नाही. एवढं पुरे: "मी अमुक, राहणार अमुक वस्ती, घरकुलाची मंजुरी अमुक साली, नमुना ८ चा अनुक्रमांक अमुक. माझ्या घरात इतकी माणसं राहतात. मला मीटरसह नळजोडणी मिळावी आणि खास पाणीपट्टी मीटरच्या आकड्यावर आकारावी. दर, किमान आकार आणि अनामत रक्कम किती हे लेखी कळवावं." नळ आधीच असेल तर "मीटर बसवून मिळावं" एवढा बदल करा.

सोबत साधारणपणे आधारची प्रत, नमुना ८ चा उतारा, घरकुलाचा मंजुरी आदेश, चालू वर्षाची कराची पावती लागते. नमुना ८ चा उतारा आणि येणे बाकी नसल्याचा दाखला या दोन्ही सेवा २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली येतात. म्हणजे ठरलेल्या मुदतीत द्याव्याच लागतात आणि नाही दिल्या तर अपील करता येतं.

अर्ज दोन प्रतींत. एकावर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. ही पोहोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा. साहेब आज नाहीत, ठेवून जा असं म्हणाले तर ठेवून येऊ नका. ग्रामसेवकांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. त्यांच्याकडं दोन-तीन गावं असतात, त्यामुळं वार विचारून जा. एक चक्कर वाचते, एक रोज वाचतो.

पाण्याचे निर्णय प्रत्यक्षात ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत होतात. तिच्यात निम्म्या बायका असायला पाहिजेत. तुमच्या वस्तीतली कुणी त्या समितीत आहे का बघा. आमच्याकडं एक बाई समितीवर होती, आणि तिला स्वतःलाच ते माहीत नव्हतं. सही कुठं केली होती तेवढं आठवत होतं. आता ती बैठकीला जाते.

एकट्यानं मागण्यापेक्षा वस्तीतल्या दहा-पंधरा घरांनी मिळून मागितलं तर बरं पडतं. एका घरासाठी मीटरचं बिल काढायला कुणी तयार होत नाही, रीडिंग घ्यायला माणूस ठेवावा लागतो हे त्यांचंही खरं आहे. मात्र दर ठरवताना तुमचं म्हणणं मांडा: पहिले काही युनिट स्वस्त, पुढं चढता दर, आणि मोठ्या कुटुंबाला माणसं मोजून सवलत. नाहीतर ते सात जणांचं घर मीटरमुळं अडचणीत येतं. तुमच्या गावच्या योजनेच्या अंदाजपत्रकात घरगुती मीटर धरलेत का हेही विचारा. धरले असतील तर तुमच्या खिशातून पैसे मागायचं कारण नाही.

मीटर बसवताना उभं राहा

माझ्या स्वतःच्या घराची गोष्ट सांगतो. मीटर बसवलं त्या दिवशी मी सोयाबीनला पाणी देत होतो. प्लंबर बसवून गेला. महिन्यानं आकडा बघितला तर तो कमी झालेला. त्या हिशोबानं ग्रामपंचायतच मला पाणी देणं लागत होती. मीटर उलटं बसवलं होतं. मीटरच्या अंगावर बाण असतो, तो पाणी जातं त्या दिशेला पाहिजे. म्हणून घरातल्या कुणीतरी तिथं थांबा.

आणखी एवढं बघा: मीटर आडवं, तबकडी आकाशाकडं. मीटरच्या आधी वीतभर तरी पाइप सरळ. मीटरच्या अलीकडं बंद करायची कॉक. आयएसआय चिन्ह. येणाऱ्या बाजूला जाळी असते, ती काढून फेकू नका. वाळू-गाळ तिथंच अडतो. पाणी कमी यायला लागलं की बऱ्याचदा जाळी तुंबलेली असते. आणि जमिनीत पुरू नका, चिखलात आकडा दिसत नाही. पितळी मीटर चोरीला जातात, तेव्हा बंद घर असेल तर डबा आणि कुलूप हवंच.

काळे आकडे म्हणजे युनिट, हजार लिटरचे. बिल त्यावरच. लाल काटे किंवा लाल आकडे त्याच्या खालचे, शंभर लिटर, दहा लिटर असे उतरत जातात. मीटर बरोबर चालतं का हे बघायला आपल्याकडं २०० लिटरचा बॅरल असतोच. आधी फोटो काढा, बॅरल काठोकाठ भरा, परत फोटो काढा. शंभर लिटरचा लाल काटा दोन घरं पुढं गेला पाहिजे. तीन गेला तर लेखी तक्रार द्या, दोन्ही फोटो जोडून. मग घरातल्या सगळ्या तोट्या बंद करा आणि तबकडीतली छोटी चक्री बघा. ती तरीही फिरत असेल तर मीटरच्या पुढं कुठंतरी गळती आहे, आणि ती तुमच्या बिलात येणार. टाकीच्या तोटीखाली लिटरची बाटली धरा. दहा मिनिटांत भरली तर दिवसाला १४४ लिटर वाया जातंय. ते अडीच माणसांचं पाणी आहे.

आता हवेचं. आपल्याकडं पाणी तासभर येतं, कुठं दोन दिवसांआड, कुठं आठवड्यानं. मधल्या काळात पाइप रिकामे असतात. पाणी सोडलं की पुढची हवा आधी नळातून सूं करत निघते आणि मीटर त्या हवेवरही फिरतं. "पाणी नाही आलं पण बिल आलं" ही तक्रार नेहमी खोटी नसते. पाणी सुटायच्या वेळी तोटी उघडी टाकून बसू नका, शेजारी पाणी सुरू झाल्यावर उघडा. मुख्य लाइनवर एअर व्हॉल्व्ह आहे का आणि चालू आहे का, हे पाणी सोडणाऱ्याला विचारा. उंचावरच्या वस्तीला हा त्रास जास्त होतो, आणि घरकुल वस्त्या बहुतेक गावाबाहेर माळावरच असतात.

लाइनला थेट मोटर लावू नका. पुढच्या घराचं पाणी तर ओढलं जातंच, मीटरही बिघडतं. कुणी लावत असेल तर समितीला कळवा. वाईटपणा येतो हे खरं, मीही एकदा घेतलाय.

कोयता उचलायच्या आधी

बाहेरगावी जाणाऱ्यांसाठी. निघायच्या दिवशी मीटरचा फोटो काढा, काळे-लाल आकडे स्पष्ट दिसतील असा. तो ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, त्यावर तारीख राहते. मीटरअलीकडची कॉक बंद करा. अमुक तारखेपासून घर बंद आहे, जोडणी तात्पुरती बंद ठेवावी, किमान आकार लावू नये असा अर्ज देऊन पोहोच घ्या. किमान आकार सोडायचा की नाही हे गावावर आहे, पण अर्जच नसेल तर विषयच निघत नाही. परत आल्यावर पहिल्या दिवशी पुन्हा फोटो. दोन्हींत आकडा सारखा पाहिजे.

मीटर बंद पडलं तर वाट बघू नका. बंद मीटरचं बिल बहुतेक सरासरीनं काढतात आणि ती सरासरी कुठल्या महिन्यांची हे कुणी सांगत नाही. ग्रामपंचायतीत दाद लागली नाही तर पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्यांकडं, आणि पाइपलाइन, दाब, न पोचलेलं पाणी या गोष्टींसाठी जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा उपविभागाकडं. दोन्हीकडं पोहोचेची झेरॉक्स जोडून.

त्या बाईच्या बिलाचं काय झालं, ते सांगायचं राहिलं. मागची पाणीपट्टी माफ झाली नाही. ठोक दर ठरलेला आहे, कमी करता येत नाही असं सांगितलं. वस्तीतल्या चौदा घरांनी मिळून मीटरचा अर्ज दिलाय, आवक क्रमांक पडलाय, विषय १ मेच्या ग्रामसभेत घेऊ असं समितीनं कबूल केलंय. त्या सभेत काय होतं ते इथंच कळवीन. तुमच्या गावात मीटर बसली असतील तर दर आणि किमान आकार किती आहे हे पावतीच्या फोटोसह पोर्टलच्या नंबरवर पाठवा, नाव-पत्ता झाकून. आमच्या ग्रामसभेत दाखवायला उपयोगी पडेल.